‘मुगल-ए-आझम’मधील तथ्यदोष : एक विचार

ऐतिहासिक प्रणयपटातील चुकांची यादी करणे सोपे असते. परंतु त्या सर्व चुका एकाच जातीच्या नसतात. के. आसिफ दिग्दर्शित ‘मुगल-ए-आझम’च्या (१९६०) आधारे हा भेद स्पष्ट करता येईल.

मुळात अनारकली ही दंतकथेतील नायिका होय. ‘अकबरनामा’त किंवा जहांगीराच्या आत्मचरित्रात तिचा उल्लेख नाही. या कथेवर ‘अनारकली’ हे उर्दू नाटक लिहिणाऱ्या इम्तियाज अली ताज यांनीही तिला ऐतिहासिक आधार नसल्याचे मान्य केले होते. म्हणून दंतकथेचा स्वीकार हा दोष न मानता कलाकृतीचे गृहीतक मानावे.

दोषांचा पहिला वर्ग कालविपर्यासाचा आहे. लाहोर येथील, अनारकलीची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कबरीवरील सनांपैकी पहिला हिजरी १००८, म्हणजे इ.स. १५९९-१६०० हा आहे. तानसेनाचे निधन त्यापूर्वीच, १५८०च्या दशकात झाले होते. चित्रपटात मात्र प्रेमिकांच्या भेटीच्या वेळी तो गातो. लाहोरचा शीशमहालही शाहजहानच्या कारकिर्दीतील आहे. हे दोष दूर केले तरी कथानकाला धक्का पोहोचत नाही.

दुसऱ्या वर्गातील दोषांवर मात्र कथानकच उभे आहे. सलीमला मुराद व दानियाल हे दोन भाऊ होते. १५८५ मध्ये त्याचा मानबाईशी विवाह झाला व १५८७ मध्ये खुसरोचा जन्म झाला. चित्रपटात या साऱ्यांना स्थान नाही, कारण एकनिष्ठ प्रियकर आणि एकमेव वारस यांवाचून पितापुत्रसंघर्षाला अपेक्षित धार येत नाही. सलीमने १६०० मध्ये बंड केले, ते सत्तेसाठी. पितापुत्रांत निर्णायक रणसंग्राम झालाच नाही. या संघर्षात प्राण गेले ते ‘अकबरनामा’कार अबुल फजलचे. सलीमच्या चिथावणीवरून १६०२ मध्ये त्याची हत्या झाली आणि हे कृत्य जहांगीराने आत्मचरित्रात लपविलेले नाही.

येथे वगळणूक केवळ तपशिलाची राहत नाही. सत्ताकांक्षेच्या जागी प्रेम येते व इतिहासकाराचा मारेकरी हुतात्मा प्रेमिक ठरतो. ऐतिहासिक कादंबरीच्या अभ्यासकानेही म्हणून चूक कोणती, एवढेच न पाहता त्या चुकीमुळे कोणाचे पाप झाकले गेले, हे तपासावयास हवे.