जुन्या गाडीचा नेमका भाग कसा शोधावा?



आमच्याकडे २००१ सालची टोयोटा कॅमरी आहे. माझी मुलगी सध्या तिच्यावरच गाडी चालवायला शिकते आहे. एका शनिवारी आम्ही दोघांनी पुढचे ब्रेक पॅड बदलायला घेतले. दुकानात फक्त साल आणि मॉडेल सांगून मी पॅड आणले होते. चाक काढले, जुने पॅड काढले; पण नव्या पॅडचे कान खाचेत जाईनात. फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा! मी म्हणालो, "कानस आण. थोडे घासले की बसेल."

मुलगी म्हणाली, "बाबा, 'दिन' आणि 'दीन' यांतही एका वेलांटीचाच फरक आहे. तिथे तुम्ही 'चालेल' म्हणत नाही!"

तिचे बरोबर होते. पॅड खाचेत सहज सरकला पाहिजे. अडकला, तर ब्रेक सोडल्यावरही तो चकतीला घासतो आणि तापतो. सैल बसला, तर खडखडतो. ब्रेकच्या बाबतीत 'चालेल' चालत नाही. गाडी तशीच घोड्यांवर उभी राहिली आणि रविवारी आम्ही शेजाऱ्यांच्या गाडीतून मराठीच्या वर्गाला आलो!

त्यातून शिकलेल्या चार गोष्टी :

१) ओळख क्रमांक द्या. अमेरिकेत १९८१ सालच्या मॉडेलपासून प्रत्येक गाडीला १७ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. त्याला 'व्हिन' म्हणतात. ड्रायव्हरच्या बाजूला काचेतून तो दिसतो. एक आणि शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे नसतात. पहिल्या जागेवर 'जे' असेल तर गाडी जपानमध्ये बनलेली. १, ४ किंवा ५ असेल तर अमेरिकेत. कॅमरी दोन्हीकडे बनत असे. दहावी जागा मॉडेलचे साल सांगते.

२) बनल्याचा महिना पाहा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर तो असतो. २००० च्या शरद ऋतूत बनलेली गाडी २००१ चे मॉडेल म्हणून विकली जाते. शिवाय कारखाने वर्षाच्या मध्येही भाग बदलतात.

३) जुना भाग फेकू नका. त्यावरचा क्रमांक टिपून घ्या. जुना आणि नवा भाग टेबलावर शेजारी ठेवून आकार, भोके आणि कान जुळतात का ते पाहा.

४) दुकान उघडे असतानाच काम काढा. चुकले तर भाग बदलून आणता येतो.

पुढे दुकानात आमचा व्हिन दिला, तेव्हा आमच्या गाडीला निराळे पॅड लागतात हे कळले. नवे पॅड हाताने सरकवताच जागेवर बसले. कानस डब्यातच राहिली.

शब्दार्थ : कानस – धातू घासण्याचे हत्यार. चकती – गोल, सपाट तबकडी. घोडा – उचललेली गाडी पेलून धरणारा टेकू. दिन – दिवस. दीन – गरीब, केविलवाणा.

गृहपाठ : आईबाबांबरोबर आपल्या गाडीचा व्हिन शोधा आणि त्यातले अंक मराठीत मोठ्याने वाचा. गाडी कोणत्या महिन्यात बनली, ते वहीत देवनागरी अंकांत लिहून आणा. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा!