तबकड्यांचा वेग आणि नियंत्रकाचे काम

हार्ड डिस्कचा वेग किती, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. एकच डिस्क एका चाचणीत सेकंदाला २०० मेगाबाइट माहिती वाचते आणि दुसऱ्या चाचणीत एक मेगाबाइटदेखील वाचू शकत नाही. दोन्ही आकडे खरे असतात. असे का घडते हे ध्यानात घेतल्यावाचून निरनिराळे नियंत्रक आणि डिस्कच्या निरनिराळ्या मांडण्या यांची तुलना करणे व्यर्थ होय.

१९५६ साली आयबीएम कंपनीने रामॅक या यंत्रणेबरोबर पहिली हार्ड डिस्क प्रचारात आणली. तिच्यातील २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या मिनिटाला १२०० फेरे घेत आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. तेव्हापासून साठवणक्षमता लक्षावधी पटींनी वाढली. परंतु आज सर्रास आढळणारी डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे फिरण्याचा वेग अवघा सहापट झाला. अडचणीचे मूळ येथे आहे.

या डिस्कच्या एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती नोंद वाचकशीर्षाखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद जातात. शीर्ष योग्य त्या वर्तुळावर नेण्यास ८.५ मिलिसेकंद लागतात असे धरू. एकूण वेळ १२.७ मिलिसेकंद झाला. म्हणजे विखुरलेल्या नोंदी सेकंदाला सुमारे ८०च वाचता येतील. प्रत्येक नोंद ४ किलोबाइटची असेल, तर हाती येतात केवळ ३२० किलोबाइट. उलट, माहिती सलग असेल तर शीर्षाला फारसे हलावे लागत नाही आणि वेग शेकडो पटींनी वाढतो.

संगणक आणि डिस्क यांच्यामधील नियंत्रक तबकडीला अधिक वेगाने फिरवू शकत नाही. मात्र त्याची वाट अरुंद असेल तर तो डिस्कला अडवू शकतो. जुन्या पीसीआय मार्गावरून सेकंदाला जास्तीत जास्त १३३ मेगाबाइट जात. सेकंदाला ६० मेगाबाइट देणाऱ्या चार डिस्क अशा मार्गावरील नियंत्रकाला जोडल्या, तर २४० मेगाबाइटची अपेक्षा फोल ठरे. तेथे दोष डिस्कचा नसून मार्गाचा असे.

अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या कल्पनेला १९८८ साली बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी पद्धतशीर रूप दिले. एका महाग डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापराव्यात आणि बिघाडाची तरतूद म्हणून काही जादा माहिती ठेवावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. या मांडणीस ‘रेड’ म्हणतात. त्यांनी पाच पातळ्या वर्णिल्या. शून्य आणि सहा या पातळ्या मागाहून रूढ झाल्या.

वरीलप्रमाणे चार डिस्क घेऊन विखुरलेल्या लहान नोंदींचा हिशेब करू. चौघी मिळून सेकंदाला ३२० क्रिया करतील. शून्य पातळीत माहिती चारही डिस्कवर वाटली जाते. ३२० नोंदी लिहिल्या जातात, पण एक डिस्क बिघडली की सर्वस्व गेले. जोड्या करून प्रत्येक नोंद दोनदा लिहिली, तर १६० नोंदी होतात आणि निम्मी जागा खर्ची पडते. पाचव्या पातळीत पडताळ्याचा अंक ठेवतात: बाकीच्या तीन डिस्कवरील बिट १, ०, १ असे असतील, तर एकांची संख्या सम म्हणून चौथा अंक ०. कोणतीही एक डिस्क गेली, तरी उरलेल्या तिघींवरून तिचा अंक काढता येतो. परंतु लहानशी नोंद बदलताना जुनी नोंद आणि जुना पडताळा वाचावा लागतो व दोन्ही नव्याने लिहावे लागतात. चार क्रियांत एक लेखन, म्हणजे सेकंदाला ८०. सहाव्या पातळीत दोन डिस्कचा बिघाड सोसतो. तेथे सहा क्रिया लागतात आणि लेखन ५३ वर येते.

काही नियंत्रकांना स्वतःची स्मृती असते. नोंद तेथे पोहोचताच ते ‘लिहिले’ असा निरोप देतात आणि तबकडीवर सवडीने लिहितात. चाचणीची माहिती त्या स्मृतीत मावली, तर मोजला जातो तो स्मृतीचा वेग, डिस्कचा नव्हे. शिवाय मध्येच वीज गेली आणि स्मृतीला बॅटरीचा वा तत्सम आधार नसला, तर लिहिली म्हणून सांगितलेली नोंद नाहीशी होते.

म्हणून तुलना करताना डिस्क त्याच, नोंदींचा आकार तोच आणि माहिती स्मृतीहून पुष्कळ मोठी असावी. एक डिस्क काढून घेतल्यावर आणि नवीवर माहिती पुन्हा भरली जात असतानाही वेग मोजावा. कारण संकटकाळी यंत्रणा याच अवस्थेत असते. आणि कोणतीही पातळी निवडली, तरी वेगळ्या जागी ठेवलेली प्रत अनावश्यक ठरत नाही. चुकून पुसलेली नोंद जोडीच्या दोन्ही डिस्कवरून तितक्याच तत्परतेने पुसली जाते.