राखीव मीटरांचा हिशेब

चि. बाळास,


उलव्याच्या नव्या विमानतळाची धावपट्टी ३,७०० मीटर लांब आहे. डिसेंबर २०२५ मध्ये तिथून प्रवासी विमानं सुरू झाली. एवढी लांबी पाहून नव्या वैमानिकाला वाटतं, इथे मोजायचं काय? पण पावसाळ्यात इथेही प्रत्येक वेळी मोजावंच लागतं.

ओल्या धावपट्टीचं गणित कोरडीपासून सुरू होतं. चाचणी वैमानिक धावपट्टीच्या टोकावर ५० फूट उंची धरून विमान उतरवतात आणि ब्रेक पूर्ण दाबून थांबवतात. रिव्हर्स थ्रस्ट जमेस धरत नाहीत. समज, हे अंतर १,२०० मीटर आलं. जेट विमान निघण्याआधी ते धावपट्टीच्या ६० टक्क्यांत बसावं लागतं, म्हणजे धावपट्टी किमान २,००० मीटरची हवी. ओली असेल तर आणखी १५ टक्के, म्हणजे २,३००. वारा समोरून असेल तर त्याचा निम्माच फायदा धरायचा. पाठीमागून असेल तर दीडपट तोटा.

वरचे १,१०० मीटर फार वाटतात, पण ते भराभर संपतात. १४० नॉटला विमान सेकंदाला ७२ मीटर कापतं. पाच सेकंद जास्त तरंगलं, की ३६० मीटर गेले.

७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला हेच घडलं. पाऊस, पाठीमागून वारा आणि २,७०० मीटरची टेकडीवरची धावपट्टी. आधीच्या प्रयत्नात कॅप्टनसमोरच्या वायपरने दगा दिलेला. दुसऱ्या वेळी चाकं टेकली ती सुमारे १,३५० मीटरवर, निम्मी धावपट्टी मागे टाकून. कॅप्टन दीपक साठे हवाई दलात घडलेले, अनुभवी वैमानिक. ते, त्यांचे सहवैमानिक आणि १९ प्रवासी त्या अपघातात गेले. चौकशी अहवालाने बोट ठेवलं ते डळमळीत उतरण रेटत नेण्यावर आणि न केलेल्या गो-अराउंडवर, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर न जाण्यावर. हा अहवाल पुनःपुन्हा वाच.

मुंबईतही १ जुलै २०१९ ला जयपूरहून आलेलं विमान भर पावसात धावपट्टीपलीकडे गेलं. सुदैवाने जीवितहानी झाली नाही, पण मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली.

पाणी किती साचलंय, हेही नीट विचारावं. ३ मिलिमीटरपर्यंत धावपट्टीचा सांकेतिक अंक ५ असतो. त्याहून जास्त साचलं की थेट २, म्हणजे बरीच अधिक निसरडी. टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळाला ९ ने गुणलं की चाक पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग मिळतो. २०० पीएसआयला तो सुमारे १२७ नॉट, म्हणजे चाकं टेकतानाच्या वेगाहून कमी. म्हणून निघताना केलेल्या हिशेबावर विसंबू नये. खाली उतरू लागण्याआधी ताजा अहवाल घेऊन तो पुन्हा मांडावा.

आता कोरडं अंतर १,३५० मीटर धरून ओल्या धावपट्टीचं उत्तर काढून पाठव. कोणत्या खुणेपर्यंत चाकं टेकली नाहीत तर गो-अराउंड करशील, तेही लिही.

तुझा काका,
उलवे