अर्धी ओळ वाचून लिनक्स टाकू नका

14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चे अपडेट बंद झाले, आणि धाराशिवात माझ्याकडे जुनी मशीनं घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली. ‘लिनक्स टाकून द्या’, बस. तुळजापूर तालुक्यातल्या एका गुरुजींच्या मशीनवर मात्र लिनक्स आधीपासूनच होतं, मिंट 19.3. शिक्षकांच्या पगाराच्या शालार्थ पोर्टलचं पान नीट उघडेना, ब्राउझर नवा होईना. ‘‘दादा, भंगारात घालू का?’’

मशीन कोअर टू ड्युओ, रॅम 2 जीबी. म्हातारं खरं, पण प्रोसेसर 64-बिट. ज्यानं कुणी लिनक्स टाकलं त्यानं 32-बिट टाकलं होतं. मिंटनं 32-बिट आवृत्ती 19 वरच थांबवली, तिचे अपडेट 2023 मध्ये संपले. क्रोमनं 32-बिट लिनक्सला 2016 सालीच रामराम ठोकला, आणि आता फायरफॉक्सही 144च्या पुढं जात नाही. मशीन धडधाकट, आणि अंगावर वारलेली सिस्टिम.

ही गफलत कुठं होते ते सांगतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडा. ‘सिस्टिम टाइप’समोर कधी कधी असं दिसतं: 32-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स64-बेस्ड प्रोसेसर. लोक स्वल्पविरामापर्यंत वाचतात आणि 32-बिटची फाइल उतरवतात. आपल्या कामाचं आहे ते स्वल्पविरामानंतरचं. अगोदरचं विंडोजबद्दल आहे, ते तर आपण पुसणारच आहोत. लिनक्सवर असाल तर टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ द्या. ‘ऑप-मोड’च्या ओळीत 64-बिट दिसलं की विषय संपला.

दुसरी समजूत रॅमची. ‘4 जीबीपेक्षा कमी म्हणजे 32-बिट’ हे दुकानादुकानांत ऐकू येतं. 64-बिटला मेमरी थोडी जास्त लागते, हे खरं. पण त्यावर उपाय हलका डेस्कटॉप, एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी. आर्किटेक्चर रॅमवरून ठरवू नये.

फाइलच्या नावात ‘एएमडी64’ बघून इंटेलवाले बिचकतात. बिचकू नका, तीच घ्या. हा 64-बिट प्रकार एएमडीनं 2003 मध्ये आधी बाजारात आणला, इंटेल मागून आली, म्हणून नाव एएमडीचं राहिलं. ‘एआरएम64’ वेगळी, ती रासबेरी पायसारख्या बोर्डांसाठी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तीन जीबीची फाइल ओढायची म्हणजे दिवसाचा डेटा संपून वर उद्याचा लागतो, त्यामुळं नाव दोनदा वाचलेलं बरं.

32-बिटवरून 64-बिटवर अपडेट करून सरळ जाता येत नाही, नव्यानंच बसवावं लागतं. म्हणून आधी होम फोल्डरची नक्कल बाहेरच्या डिस्कवर, मग बाकीचं. गुरुजींच्या मशीनवर निकालपत्रकं होती, आणि त्यांची दुसरी प्रत कुठंच नव्हती!

खरोखरच 32-बिट असलेली मशीनंही येतात. कोअर ड्युओ (मधला ‘टू’ नसलेला), किंवा 2008च्या सुमाराचे अ‍ॅटम एन270चे छोटे लॅपटॉप. त्यांवर 64-बिटचा पेनड्राइव्ह लावला की काळ्या स्क्रीनवर ‘एक्स86-64 हवा, सापडला आय686’ अशा अर्थाचा इंग्रजी निरोप येतो आणि गाडी तिथंच थांबते. पेनड्राइव्ह बदलत बसू नका. अशांसाठी डेबियन 12 घ्या. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या 13 मध्ये 32-बिटचा इन्स्टॉलर नाही. पत्रं टाइप करायला, गाणी ऐकायला असं मशीन ठेवा. बँकेचं काम त्यावर नको.