नाण्यावरील मोहर आणि नाण्यातील हक्क

नाणे एकाच वेळी दोन गोष्टींची साक्ष देते. सत्ता कोणाची होती हे त्याचा ठसा सांगतो आणि व्यवहार कशाच्या बळावर चालत होता हे त्याचे वजन सांगते.

नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. ती क्षहरात राजा नहपानाची होती. परंतु त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे ठोकली होती. राज्य बदलले, ठसा बदलला. चांदी तीच राहिली.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात अरबस्तानात रोमी दीनार व इराणी दिरहम चालत. त्यांवर परक्या सम्राटांच्या प्रतिमा असत. व्यापारी ते वजनाने घेत-देत. जकातीची मर्यादाही वजनानेच ठरली: चांदीसाठी २०० दिरहम. पुढे ७७ हिजरीत (इ.स. ६९६-९७) खलीफा अब्दुल मलिक बिन मरवान यांनी प्रतिमा वगळून कुरआनातील वचने असलेला दीनार पाडला.

केवळ हुकमाने धातूचे मोल वाढत नाही. दौलताबादला राजधानी नेणाऱ्या मुहम्मद बिन तुघलकाने इ.स. १३३० च्या सुमारास तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या भावाने चालवली. बनावट नाण्यांचा सुळसुळाट झाला आणि शेवटी खजिन्यातून खरे नाणे देऊन ती परत घ्यावी लागली.

आता आपल्या घराकडे पाहा. डोंगरकड्यासह सारा हिंगोली परिसर निजामाच्या राज्यात होता. बाजारात चारमिनारची छाप असलेला हाली सिक्का चाले. १९५० मध्ये सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये असा दर ठरला आणि १९५९ मध्ये हाली चलन रद्द झाले. आजी-आजोबांनी पेटीत जपलेले असे रुपये आपण केवळ आठवण समजतो. परंतु बाजारातून बाद झालेली चांदी जकातीतून बाद होत नाही. नाण्यातील चांदीचा अंश सराफाकडून तपासून घ्यावा. घरातील प्रत्येकाने आपल्या मालकीची चांदी, सोने व रोकड यांचा एकत्र हिशोब करावा. तो निसाबाइतका, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीइतका भरला आणि त्यावर चांद्रवर्ष पूर्ण झाले, तर अडीच टक्के जकात फर्ज आहे. मिश्र धातूविषयी शंका असल्यास जाणकार आलिमांना विचारावे.

सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्यांना कठोर इशारा आहे. गरिबाचा हक्क पेटीत दडवून ठेवणे हेही कमी देणेच नव्हे काय? राजाची मोहर कालांतराने झिजते. अल्लाहने ठरवून दिलेला हक्क झिजत नाही.