काटा

(मालेगावच्या एका ड्रायव्हरवर चोरीचा आळ आला. तो कसा दूर झाला, हे त्याच्या मुलाने या पाठात सांगितले आहे.)

माझे अब्बा पिकअप चालवतात. गाडी डिझेलची आहे; पण ती आमची नाही, शेठची आहे. मालेगावहून कापडाचे तागे भिवंडीला न्यायचे आणि तिकडून सूत भरून आणायचे, हे अब्बांचे काम. जाऊन-येऊन 480 किलोमीटर होतात.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा अब्बा रात्री उशिरा परतले. शेठनी गाडी पाहिली. डिझेलचा काटा अर्ध्यावर होता. रात्री गाडी आमच्या गल्लीत उभी राहिली. सकाळी कारखान्यावर सूत उतरवले आणि शेठ सहज केबिनमध्ये बसले. काटा तळाला!

"भाई, रात्री काटा अर्ध्यावर होता. गाडी तुमच्या दारात होती. अर्धी टाकी डिझेल कुठे गेले?"

"शेठ, मी एक थेंबही काढलेला नाही," अब्बा म्हणाले.

"मग काय काटा खोटे बोलतो?"

हमाल, विणकर, शेजारचा चहावाला, सगळे ऐकत होते. अब्बा घरी आले आणि जेवले नाहीत. अम्मी म्हणाली, "सोडून द्या ती गाडी." अब्बा म्हणाले, "आज सोडली तर लोक म्हणतील, चोरी पकडली म्हणून पळाला."

टाकीत काठी घालून डिझेल का मोजले नाही, असे तुम्हांला वाटेल. त्या गाडीच्या टाकीची नळी वाकडी आहे. काठी आत जातच नाही.

मला एक गोष्ट आठवली. आठवड्यापूर्वी मी अब्बांबरोबर गेलो होतो. परत येताना चांदवडजवळ काटा एकदम खाली पडला होता आणि थोड्या वेळाने आपोआप वर आला होता. मध्ये आम्ही डिझेल भरले नव्हते! मी हे अब्बांना सांगितले. ते तसेच उठले आणि मला घेऊन मिस्त्रींकडे गेले.

मिस्त्रींनी खडूने फरशीवर टाकी काढली. "हे बघ बेटा, टाकीत एक पोकळ फ्लोट असतो. तो डिझेलवर तरंगतो. त्याला एक दांडी असते. डिझेल कमी झाले की फ्लोट खाली येतो आणि दांडीचे टोक एका पट्टीवर सरकते. त्याप्रमाणे विजेचा प्रवाह कमी-जास्त होतो आणि काटा हलतो. काट्याला डिझेल दिसत नाही. त्याला फक्त वीज कळते."

"मग तो पडतो का?"

"पट्टी एका जागी घासली असेल. दांडी तिथे आली की वीज तुटते, काटा तळाला जातो. अजून थोडे डिझेल जळाले की दांडी पुढे सरकते आणि काटा परत वर येतो. शिवाय टाकी लांब आणि उथळ आहे. गाडी भरलेली असली की मागून दबते, रिकामी झाली की उठते. तेवढ्यानेही आतले डिझेल मागे-पुढे होते. चढावर तर काट्याकडे बघूच नये."

शेठ एवढ्याने मानणार नव्हते. मग अब्बांनीच उपाय सुचवला. शेठसमोर पंपावर टाकी काठोकाठ भरली. साठ लिटरची टाकी. किलोमीटरचा आकडा लिहून घेतला. भिवंडीच्या फेरीला शेठ स्वतः बरोबर आले. मीही मधे बसलो होतो.

येताना चांदवड आले आणि काटा धपकन खाली पडला. शेठ घाबरले. पुढे राहुडचा घाट होता. डिझेलची गाडी कोरडी पडली तर नुसते डिझेल ओतून भागत नाही. नळ्यांत हवा शिरते. ड्रायव्हर म्हणतात, 'गाडीने एअर घेतली'. ती हवा पंप मारून काढेपर्यंत इंजिन सुरू होत नाही.

"इथेच भरून घ्या," शेठ म्हणाले.

"नाही शेठ. तीस लिटरही जळलेले नसेल किंवा थोडे जास्त. अजून बरेच आहे," अब्बा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता, तो मी पाहिला.

घाट उतरून थोडे पुढे गेलो आणि काटा हळूहळू वर आला. शेठ काही बोलले नाहीत. मालेगावला त्याच पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरली. 34 लिटर बसले. 480 भागिले 34, म्हणजे लिटरला 14 किलोमीटर. गाडीचे अ‍ॅव्हरेज नेहमी तेवढेच होते.

सुट्टी संपल्यावर मी हे विज्ञानाच्या सरांना सांगितले. त्यांनी एक खरी घटना सांगितली. 1983 साली कॅनडात एका मोठ्या प्रवासी विमानातील इंधनाचे काटे बंद होते. म्हणून इंधन हाताने मोजले. पण हिशोबात किलोच्या जागी पौंडाचा आकडा धरला गेला. निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडाले आणि आकाशातच दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमली येथे उतरवले. आतील 69 जण वाचले. आमचा घाट त्यापुढे काहीच नव्हता.

शेठनी टाकीतला भाग नवा बसवून दिला. वर पाचशे रुपये पुढे केले. अब्बांनी ते घेतले नाहीत. ते म्हणाले, "शेठ, जे बोललात ते कारखान्याच्या दारात बोललात. हेही तिथेच बोला."

दुसऱ्या दिवशी सूत उतरवताना शेठ दारात आले. हमाल होते, विणकर होते, चहावालाही होता. शेठ म्हणाले, "भाईंनी डिझेल काढले नव्हते. चूक माझी होती."

अब्बांनी मान हलवली आणि गाडीचा फाळका लावला. आता गाडीत एक वही असते. प्रत्येक फेरीचे किलोमीटर आणि लिटर मी तिच्यात लिहितो.

स्वाध्याय

1. शेठना अब्बांचा संशय का आला?
2. मिस्त्रींनी काटा पडण्याचे कोणते कारण सांगितले? तुमच्या शब्दांत लिहा.
3. चांदवडला अब्बांनी डिझेल का भरले नसेल?
4. 'आळ येणे', 'मान हलवणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
5. तुमच्या ओळखीच्या ड्रायव्हरला भेटा. ते डिझेलचा हिशोब कसा ठेवतात, ते विचारा आणि पाच वाक्ये लिहा.