परसात खुर्ची टाकण्याआधी

सिडको, छत्रपती संभाजीनगर
फाल्गुन वद्य तृतीया

चि. मधुरा हिस,


तू पाठवलेले परसाचे फोटो पाहिले आणि कुणा मुलाने काँप्युटरवर करून दिलेलं चित्रही. चित्र देखणं आहे. हिरवंगार लॉन, मधोमध कारंजं, कोपऱ्यात वेताच्या खुर्च्या. मी चष्मा पुसून दोनदा पाहिलं, पण त्यात सूर्य कुठे आहे ते काही सापडेना. तुझं घर पूर्वाभिमुख, म्हणजे परस पश्चिमेला. एप्रिलात दुपारी तीन वाजता त्या खुर्च्यांवर पापड वाळतील, माणूस बसायचा नाही.

म्हणून पहिलं सांगणं: अजून एक रुपयाही खर्चू नकोस. येत्या रविवारी खडू घे आणि दहा, एक, चार आणि सहा वाजता जमिनीवर सावलीची कड आखून ठेव. पुढच्या महिन्यात पुन्हा आख. १९ मेच्या सुमाराला आपल्याकडे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली क्षणभर पायाखालीच नाहीशी होते, आणि तिथून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत तो उत्तरेकडून जातो. त्यामुळे ‘उत्तरेच्या भिंतीशी कायम सावली’ हा समज नेमका उन्हाळ्यातच फसतो. हे मला नोकरीत सर्वेक्षणाची कामं करताना कळलं, घर बांधताना मात्र आठवलं नाही.

आता लॉनबद्दल. माझीच फजिती सांगतो. घर बांधल्यावर दुसऱ्याच वर्षी हौसेने लॉन लावलं. पाहुणे आले की मी चपला काढून त्यावर चालून दाखवायचो. पुढच्या उन्हाळ्यात नळाला चार दिवसांनी पाणी येऊ लागलं. तुझी मामी घागरी मोजत होती आणि मी पाइप धरून गवत जगवत होतो. एका संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, “गवताला घाला, आम्ही पुढच्या वेळच्या पाण्याने अंघोळ करू.” पाइप त्याच दिवशी गुंडाळला. आपलं पाणी पैठणहून, नाथसागरातून, पन्नासएक किलोमीटर पंपांनी ढकलत चढावर आणावं लागतं. शहरातल्या सातारा परिसरात तर तुम्ही टँकरवाल्याचा नंबर पाठ केलेली माणसं. तिथे लॉन म्हणजे दारात बांधलेला हत्ती.

या गावाने बागेचा थाट पाहिलेला नाही असं नाही. बीबी-का-मकबऱ्यात चारबाग आहे, मधून पाण्याचे पाट आहेत. पण तो बादशहाच्या घरचा कारभार. तुझ्या अठरा बाय बाराच्या परसाने शिकायचं ते पाणचक्कीकडून. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे नहर आणली: डोंगरपायथ्याचं जमिनीतलं पाणी खापराच्या नळांतून, नुसत्या उताराच्या जोरावर गावात. पाणचक्कीची नहर त्याच जातीची, नंतरची. ते पाणी उंचावरून पडतं, चक्कीचं चाक फिरवतं, मग हौदात येतं. त्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचं छप्पर, म्हणून मे महिन्यातही आत गारवा. एकाच पाण्याने दळण केलं, डोळे निववले आणि खोली थंड ठेवली.

आपल्या आज्या हेच करत होत्या. मोरीचं पाणी जिथे बाहेर पडायचं तिथे केळ, अळू, कर्दळ. कोणी मुद्दाम पाणी घातलं नाही आणि सणाला केळीचं पान विकत आणलं नाही. तूही स्वयंपाकघराच्या मागे हात-दीड हात खोल चर खण, खाली विटांचे तुकडे नि जाड वाळू टाक, वर माती, आणि भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी तिकडे वळव. कपड्यांचं साबणाचं पाणी फक्त कर्दळीला, अळूला नको. अळू आपण खातो. आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी खारट असतं, ते झाडांना घालूच नकोस, फरशी धुवायला ठेव. आणि गच्चीचं विसरू नकोस. साठ चौरस मीटर गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला की सहाशे लिटर पाणी होतं. पन्हाळीचा पाइप गटारात सोडलाय म्हणे तुम्ही. जावईबापूंना सांग, मृगाच्या आत तो गाळणीतून बोअरकडे वळवा.

सावलीसाठी मांडव हवा, पण पत्र्याचा नको. पत्रा दिवसभर आग ओकतो. लोखंडी चौकट कर, वर तट्टे टाक, एका खांबाशी मधुमालती लाव. दोन पावसाळ्यांत ती तट्ट्यांची गरज संपवेल. पश्चिमेच्या कुंपणाशी एक झाड लाव, एकच. कडुनिंब मला सगळ्यांत प्रिय. शिशिरात पानं गाळतो आणि ऊन तापायच्या वेळी पुन्हा भरतो, इतका समजूतदार. पण तुझ्या जागेत तो मावणार नाही, शेजाऱ्यांचा हौदही जवळ आहे. गुलमोहर तर नकोच, वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या कडाकड मोडतात. तू पेरू लाव. हिमायत बागेतल्या फळ संशोधन केंद्रात जाऊन कलमाची चौकशी कर. पोरांना चढता येतं, पोपट येतात, आणि दौलताबादच्या रस्त्यावर पेरूवाल्याशी घासाघीस करायची आपली सवय तेवढी सुटेल.

फरशी सगळीकडे घालू नकोस. पेव्हर ब्लॉकचा सध्या साथीचा रोग आलाय. उन्हाने ते तापतात आणि पाणी मुरू देत नाहीत. बसण्यापुरती शहाबादी, चालायला एक पायवाट, बाकी मुरूम नि माती. संध्याकाळी बादलीभर वापरलेल्या पाण्याचा सडा टाकलास तर पाच मिनिटांत हवा बदलते.

आता माणसं. तुझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना खाली जाणाऱ्या आरामखुर्चीत बसवलंस तर उठवायला दोघं लागतील. भिंतीला टेकून दीड फूट उंचीचा ओटा बांध, हाताला धरायला कठडा, आणि स्वयंपाकघराच्या दारापासून तिथपर्यंत एकही पायरी नको. तिथूनच कढीपत्ता तोडता आला पाहिजे. नुसतं बसवून ठेवलेलं माणूस लवकर आत निघून जातं. सकाळी दहापर्यंत घराची सावली तिथे असेल, तूच खडूने आखून बघ. अथर्वला खेळणी मांडू नकोस, चार पाट्या माती दे. ती रोज घरात येईल, त्याला इलाज नाही. मोठी लेक आता वयात येईल. तिला सगळ्यांपासून थोडी आडोशाची जागा लागेल, मांडवाच्या पलीकडे झोपाळा टांग आणि ती तिथे काय करते ते खिडकीतून पाहू नकोस. जावईबापूंना बाज. नवारीची, गादीशिवाय. कूलर मागच्या खिडकीला लावणार असाल तर त्याचं सांडपाणी कर्दळीकडे सोडा, पण बाज त्याच्या तोंडाशी नको, घरघर ऐकून झोप लागत नाही.

रातराणी लावायची तुझी इच्छा लिहिली आहेस. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे ना? उग्र वासाने त्यांना त्रास होतो का ते आधी विचार. मोगरा ओट्यापासून हातभर लांब चालेल. कारंज्याऐवजी पक्ष्यांसाठी मातीची एक परळ ठेव. पाणी रोज बदल, नाहीतर डासांचीच सोय व्हायची. आणि दिवा एकच, पिवळा, खाली तोंड असलेला. हॅलोजन लावलास की परस पेट्रोलपंपासारखा दिसतो, शिवाय शेजाऱ्यांच्या बेडरूमचीही रात्र संपते.

खर्चाचं विचारलंस. चौकट आणि ओटा यंदा, पेरू पावसाळ्यात, बाकी पुढच्या वर्षी. कारंज्याच्या पैशात पन्हाळीचा पाइप होईल.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी मी आणि मामी येतो. कर्दळीचे कंद ओल्या गोणपाटात बांधून आणतो, केळीचं एक पिल्लूही काढून ठेवलंय. फावडं तुमच्याकडे नसणारच, तेही आणतो. अथर्वला म्हणावं, खडूच्या रेघा पुसू नको.

तुझा
मामा

ता. क. मामी विचारते, चर खणायला माणूस लावलाय की आम्हालाच खणायला लावणार? मी म्हटलं, जावईबापू आहेत.